कंपनीच्या ॲपचा चिपळूण प्रतिनिधी

चिपळूणात एखाद्या मंत्र्याची पत्रकार परिषद असली की टेबलावर बूम, म्हणजे चॅनेलच्या नावाचे माइक, मावत नाहीत. त्यातले निम्मेअधिक एकेकट्या माणसानं चालवलेल्या बातम्यांच्या साइटचे असतात. मालक तोच, बातमीदार तोच, कॅमेरा त्याच्या खिशातला मोबाइल, आणि संध्याकाळी बाजारपेठेत जाहिरात मागत फिरणाराही तोच. मी त्यांपैकी एक. त्याआधी काही वर्षं एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. या पदाला पगार नसतो, मानधन असतं, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीला इतकं, दिवाळीला तितकं, असं टार्गेट जिल्हा कार्यालयातून यायचं. ते पुरं झालं तर आपली बातमी जिल्ह्याच्या पानावर, नाही तर 'जागा नव्हती हो'. त्यामुळे मोठ्या मालकाच्या हाताखाली बातमीदारी कशी चालते ते मला माहीत होतं. बातम्यांच्या ॲपवाल्या कंपनीत शिरलो तेव्हा मात्र प्रकरण वेगळंच निघालं. हल्ली तालुक्यातल्या बऱ्याच मुलांना अशा कंपन्यांचे फोन येताहेत, म्हणून ते लिहून ठेवतोय.

माझी साइट 22 जुलै 2021 च्या पुरातून उभी राहिली. त्या दिवशी पहाटेपासून वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शहरात शिरलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, बाजारपेठेत पहिला मजला गाठेल इतकं पाणी. बाहेरच्या वाहिन्या हेलिकॉप्टरमधून दिसणारं चिपळूण दाखवत होत्या. मुंबईकडे गिरगावात नाहीतर नालासोपाऱ्यात बसलेल्या चाकरमान्याला त्या दृश्याचा काही उपयोग नव्हता. त्याला पेठमापातली आपली आई वर चढली की नाही, एवढंच विचारायचं होतं. पाणी ओसरायला लागल्यावर मी गल्लीगल्लीतून नावं लिहून घेत फिरलो, जिथं रेंज मिळेल तिथं उभा राहून ती व्हॉट्सॲपवर सोडली. त्या याद्या कुठल्या कुठे पोचल्या. पुढे गाळ, पंचनामे, दुकानदारांची नुकसानभरपाई, नदीकाठच्या बांधकामांवर बंधन घालणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचा घोळ, डिसेंबरात चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण, हे सगळं रोज सांगायला दैनिकातली चार ओळींची जागा पुरेना. म्हणून डोमेन घेतलं. ओळखीच्या मुलानं वर्डप्रेसवर साइट बांधून दिली.

पेपर काढायचा तर नोंदणी लागते. साइटचं काय करायचं ते मला नेमकं कोणी सांगेना. 1867 चा जुना कायदा छापखाना आणि कागदाचा. त्याच्या जागी आलेला नवा कायदा 1 मार्च 2024 ला लागू झाला, तोही छापील नियतकालिकांचाच. ऑनलाइनवाल्यांसाठी आहेत ते फेब्रुवारी 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम. त्यात केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याला आपली माहिती कळवायची, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि निकाल 15 दिवसांत. आचारसंहितेबाबतच्या दोन पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयानं 14 ऑगस्ट 2021 ला स्थगिती दिली. तरी मी साइटच्या तळाशी तक्रारीसाठी नाव आणि नंबर टाकून ठेवला. नाव अर्थातच माझंच. तक्रारी त्या नंबरावर कधी आल्या नाहीत. त्या चिंचनाक्यावर गाठून, तोंडावर येतात.

कंपनीचा फोन आला तो साइट थोडी रुळल्यावर. बाई हिंदीत बोलत होत्या, अदबीनं. 'सर, आपका पिनकोड 415605 है ना?' त्यांच्याकडे पिनकोडांची यादी होती आणि आमच्यापुढे रकाना रिकामा होता. फॉर्म मोबाइलवरच भरायचा: आधार, पॅन, रद्द केलेला चेक, एक सेल्फी. नमुना म्हणून एक व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी 'अभिनंदन', आणि झूमवर प्रशिक्षण. मोबाइल उभा धरायचा. व्हिडिओ एका मिनिटाच्या आत. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धरून ठेवणारा 'हुक' पाहिजे. चेहरा दिसला तर बरं. बातमी म्हणजे काय, दुसरी बाजू कधी घ्यायची, अल्पवयीन मुलाचं नाव का द्यायचं नाही, यावर अवाक्षर नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं की ते 'मॉडरेशन टीम' बघून घेईल.

करारपत्र इंग्रजीत होतं, पीडीएफ, खाली 'आय ॲग्री'. माझा शाळेतला मित्र वकील आहे, त्याच्यासोबत चहा पिता पिता ते वाचलं. व्हिडिओचे हक्क कायमचे कंपनीकडे. ठरावीक तासांपर्यंत तोच मजकूर आपल्या साइटवर टाकायचा नाही. वाद झाला तर न्यायालय त्यांच्या शहरातलं. अब्रुनुकसानीचा दावा झाला तर जबाबदारी 'कॉन्ट्रिब्यूटर'ची, म्हणजे माझी. पुढे जे ओळखपत्र आलं त्यावरही पत्रकार असा शब्द नव्हता, कॉन्ट्रिब्यूटरच होतं. मित्र म्हणाला, 'म्हैस त्यांची, शिंगं तुझी. सही करायची तर कर.' मी केली. पुरानंतर बाजारपेठेला उभं राहायला वेळ लागत होता. दुकानदाराकडे जाहिरात मागायला मलाच जड जात होतं. इथे दर मंजूर व्हिडिओमागे ठरलेली रक्कम थेट खात्यात येणार होती. वसुलीसाठी कोणाच्या पायऱ्या झिजवायच्या नव्हत्या.

पहिले काही महिने ते पैसे खरंच वेळेवर आले. हे सांगायलाच हवं, कारण दैनिकाचं कमिशन मी दिवाळीचं शिमग्याला घेतलेलं आहे. मग ग्रुपवर एक मेसेज आला: यापुढे मोबदला व्ह्यूजच्या टप्प्यांनुसार. आणि माझं काम आपोआप बदलत गेलं. विहिरीत बिबट्या पडला की पैसे. घरात घोणस निघाली की पैसे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटात ट्रक कलंडला की चांगले पैसे. घाट कधी सुटणार, तोवर लोटे-चिरणी-आंबडसमार्गे छोटी गाडी जाईल का, हे सांगितलं तर मात्र शून्य, कारण ते चिपळूणबाहेरच्या कोणाच्या कामाचं नाही. 2022 च्या उन्हाळ्यात चौपदरीकरणासाठी घाट दुपारी काही तास बंद ठेवत. तेव्हा माझ्या साइटवर सगळ्यात जास्त उघडलं गेलेलं पान म्हणजे त्या वेळांचं साधं वेळापत्रक. एक ओळ, ना फोटो ना हुक. ॲपच्या हिशेबात अशा ओळीला रकानाच नव्हता.

नगर परिषदेचं तर बोलायलाच नको. मुदत संपल्यावर 2022 पासून काही वर्षं इथे प्रशासकच होता. नगरसेवक नाहीत, त्यामुळे सभा नाही, आरडाओरडा नाही, व्हिडिओही नाही. ठराव व्हायचे, पण कागदावर. ते बघायचे तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प, महिनाभर वाट, मग अपील. अशा बातमीला महिना लागतो आणि त्यातून एक मिनिटाचा व्हिडिओ निघत नाही. मी ती कामं चालू ठेवली, पण रात्री. दिवस ॲपचा झाला होता.

कंपनीच्या मराठी डेस्कवर एक मुलगा होता, अकोल्याकडचा. दुसऱ्या राज्यातल्या कंपनीच्या शहरात भाड्याच्या खोलीत राहून तो एकटा कित्येक जिल्ह्यांचे व्हिडिओ मंजूर करायचा. मला 'दादा' म्हणायचा. मुलगा सज्जन, त्याच्यावर माझा राग नाही. पण एका जुलैतला प्रसंग सांगतो. पावसानं झोडपलं होतं, वाशिष्ठीनं 5 मीटरची इशारा पातळी ओलांडली होती, 7 ची धोका पातळी अजून लांब होती. चिपळूणकराला अशा वेळी तीन गोष्टी कळायला लागतात: नदी किती, कोळकेवाडी धरणातून पाणी किती सुटतंय, आणि भरती किती वाजता. कोयनेचं पाणी वीज करून डोंगराच्या या बाजूला येतं आणि शेवटी वाशिष्ठीत उतरतं. खालून खाडीची भरती चढलेली असली की नदीला जायला वाट राहत नाही. या तिन्ही गोष्टी मी एका मिनिटात बोललो, पाठीमागे बाजारपूल. तो व्हिडिओ 'लो क्वालिटी' म्हणून परत आला. आणि अर्ध्या तासात ॲपवर दुसराच झळकला: 'चिपळूण पाण्याखाली!' बघतो तर 2021 मधला एसटी आगाराचा व्हिडिओ. बसच्या टपापर्यंत पाणी. तारीख नाही, वेळ नाही.

माझा फोन तापला. पुण्याहून, ठाण्याहून, एक तर मस्कतहून. बाजारपेठेत दुकानदारांनी माल वर चढवायला सुरुवात केली. कापडाचे तागे, साखरेची पोती, तेलाचे डबे. वडनाक्यावर एका काकांनी मला पकडलं, 'काय पत्रकार, पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला नाही आणि तुमच्यात पूर आला?' मी डेस्कला फोन लावला. मुलगा म्हणाला, 'दादा, व्ह्यूज बघा ना, तुमच्याच पिनकोडला जमा होताहेत.' मी भरतीचं सांगायला लागलो तर त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, 'चिपळूण समुद्रकाठी आहे का?' त्याच्याकडे नकाशा बघायलाही वेळ नव्हता. व्हिडिओ उतरवायचा अधिकारही त्याच्याकडे नव्हता. तो 'एस्कलेट' करायचा, मग वरचा कोणीतरी झोपेतून उठायचा. तोपर्यंत मी करार बाजूला ठेवून साइटवर आणि ग्रुपवर लिहिलं: ॲपवरचा व्हिडिओ जुना आहे, पातळी एवढी, भरती एवढ्या वाजता, भोंगा झालेला नाही. दुपारनंतर पाणी उतरायला लागलं. तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गेला, खुलासा नाही, दिलगिरी नाही. त्या महिन्याचे पैसे मला सगळ्यात जास्त मिळाले.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी 'आपले ते चांगले, कंपनी ती वाईट' असं म्हणतोय. तसं नाही. पुढचं ऐका.

एका प्रभागातला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. ठेकेदार गावातला, माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. साइटवर गणपतीला आणि दिवाळीला त्याची जाहिरात ठरलेली, आणि त्याच्या नेत्याच्या वाढदिवसाची वेगळी. तालुक्याच्या पोर्टलचं अर्थकारण काय असतं ते बाहेरच्यांना कळावं म्हणून स्पष्ट सांगतो: गुगलच्या जाहिरातींतून होस्टिंगचा खर्च निघाला तरी नशीब. घर चालतं ते शुभेच्छांवर. वाढदिवस, निवड, नियुक्ती, उद्घाटन, आणि उत्तरकार्याच्या सूचना. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याच पैशावर आम्ही 'स्वतंत्र'. शिवाय भीती फक्त जाहिरातीची नसते. आमच्याच जिल्ह्यात राजापूरला फेब्रुवारी 2023 मध्ये पत्रकार शशिकांत वारीशे गाडीखाली चिरडले गेले, खुनाचा गुन्हा नोंदला गेला. रिफायनरीच्या प्रकरणावर ते लिहीत होते. त्या आठवड्यात आमच्या घरी माझ्या मोटारसायकलवरून बाहेर पडण्यावरच चर्चा होत होती.

तर त्या रस्त्याचा व्हिडिओ मी साइटवर न टाकता ॲपवर टाकला. वीस मिनिटांत मंजूर. ना कोणाचा फोन, ना 'जरा सौम्य करा'. दैनिकात असतो तर जिल्हा कार्यालयानं आधी त्याचा जाहिरातींचा हिशेब बघितला असता. कंपनीला तो ठेकेदार कोण हेच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याची भीडही नव्हती. हे स्वातंत्र्य मला दैनिकात कधी मिळालं नव्हतं, आणि खरं तर स्वतःच्या साइटवरही नाही. दोन तास मजा वाटली.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. 'अहो, तुमच्या साइटवर टाकलं असतंत तर मी बोललो असतो, माझं म्हणणं दिलं असतं. त्या ॲपवर कशाला? तिथे मी कोणाशी बोलू?' त्याचं बरोबर होतं. मी त्याची बाजू मागितलीच नव्हती, कारण ॲपवर ती मागायची पद्धतच नव्हती. दोन दिवसांनी व्हिडिओ गायब. त्यानं आणि त्याच्या माणसांनी 'रिपोर्ट'चं बटण दाबलं असणार. मला मेल आला, यंत्रानं लिहिलेला: आपला मजकूर कम्युनिटी नियमांत बसत नाही. कोणता नियम, ते नाही. उत्तर पाठवलं तर ते परत आलं, त्या पत्त्यावर मेल स्वीकारलेच जात नव्हते. टाकताना कोणी काही विचारलं नाही, काढतानाही नाही.

मग मी नगर परिषदेत जाऊन कामाचा आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली, रस्ता किती जाडीचा करायचा होता ते बघितलं, ठेकेदाराच्या ऑफिसात बसून त्याचं म्हणणं लिहून घेतलं (ट्रॅफिक लवकर सोडला, क्युरिंगला, म्हणजे पाणी मारून काँक्रीट पक्कं व्हायला, वेळ दिला नाही, हे त्याचं म्हणणं, आणि ते थोडंफार पटण्यासारखंही होतं), आणि सगळं माझ्या साइटवर, माझ्या नावानं लावलं. बातमी ॲपवरच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी चांगली झाली. कंपनीचा मेल या वेळी माणसानं लिहिलेला आला: कराराचा भंग, तोच विषय दुसरीकडे प्रसिद्ध. त्यांनी काढून टाकलेला विषय. माझं खातं गोठवलं, त्या महिन्याचे पैसे अडकले. ते आजतागायत अडकलेलेच आहेत. न्यायालय त्यांच्या शहरातलं, जाण्यायेण्याचं भाडं थकबाकीपेक्षा जास्त.

हे सगळं मी न्यू जर्सीतल्या वर्गमित्राला फोनवर सांगत होतो तेव्हा तो हसायला लागला. म्हणाला, 'हे आमच्याकडे होऊन गेलंय.' त्यानं सांगितलं ते नंतर मी वाचूनही काढलं. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर गावात 2004 पासून बॅरिस्टानेट नावाची गावाची साइट होती, स्थानिक मंडळींनीच काढलेली. 2009 मध्ये शेजारच्या मेपलवूड, मिलबर्न, साउथ ऑरेंज या गावांत गावोगावच्या बातम्यांच्या साइट काढणारी पॅच नावाची कंपनी उतरली. त्याच गावांत न्यूयॉर्क टाइम्सही गावपातळीची साइट घेऊन उतरलं आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडलं. पॅच मात्र 2009 मध्येच एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं विकत घेतली. एओएलचा नवा प्रमुख टिम आर्मस्ट्राँग हाच पॅचच्या संस्थापकांपैकी एक. तिथून पुढे साचा तयार करून गावोगाव छापायला घेतला, साधारण 900 गावांपर्यंत. 2011 मध्ये बॅरिस्टानेटच्या पुढाकारानं तीसेक स्वतंत्र साइट एकत्र आल्या आणि 'आम्ही खरे इथले' अशी मोहीम काढली. जानेवारी 2014 मध्ये पॅचची बहुतांश मालकी हेल ग्लोबल या कंपनीकडे गेली आणि शेकडो लोकांना एका कॉन्फरन्स कॉलवर घरी पाठवलं.

मित्राला वाटलं मी खूष होईन. मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. पॅच मेली नाही. माणसं कमी करून, एका माणसाकडे अनेक गावं देऊन ती पुढे नफ्यात आली. म्हणजे गावात माणूस न ठेवता गावाची साइट चालवता येते, धंदा म्हणून चालते, हे त्यांनी सिद्धच केलं. अकोल्याचा तो मुलगा याच हिशेबात बसलेला आहे. ॲप बुडेल आणि आपण उरू, या भरवशावर बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना मी म्हणूनच सांगतो की ॲप बुडणार नाही. जुना पूर नवा म्हणून दाखवायला काहीच खर्च येत नाही.

आता माझी साइट वर्गणीवर नेण्याचा प्रयत्न चालू आहे. बाजारपेठेतले व्यापारी, मुंबईतली काही गावमंडळं, गल्फमधले थोडे. वर्षाची रक्कम ठेवली आहे, ज्याला द्यायची त्यानं द्यावी, बातमी सगळ्यांना फुकट. पावसाळ्याच्या तोंडावर वर्गणी पटापट येते, दिवाळीनंतर थंडावते. तिच्यावर घर चालत नाही. मुलांच्या शिकवण्या घेणारी बायको आहे म्हणून चालतं, आणि शुभेच्छा जाहिराती अजून बंद केलेल्या नाहीत. फक्त एक केलं. जाहिरातदाराविषयी बातमी असेल तर तिच्या खाली एक ओळ घालतो की यांनी आमच्याकडे अमुक काळात जाहिरात दिली होती. सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटलं. एक माजी नगरसेवक म्हणाले, 'हे म्हणजे आम्हाला उघडं पाडणं झालं.' त्यांची जाहिरात गेली.

ठेकेदाराचीही त्या दिवाळीला आली नाही. पुढच्या गणपतीला त्यानं माणूस पाठवला, मजकूर तयार, पैसे रोख. मी पावती फाडली आणि विचारलं, रस्त्याच्या दुरुस्तीचं काम कधी धरताय? त्यानं तारीख सांगितली. ती मी जाहिरातीच्या शेजारी बातमी म्हणून लावली. तारीख उलटून गेली आहे, आणि ते मी कालच लिहिलं आहे.